दोडका संध्याकाळी फुलतो : सोसायटीच्या बागेत मधमाश्या, भुंगे, फुलपाखरं कशी मोजायची आणि कशी सांभाळायची

मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीलगत, मातीचा एक अरुंद पट्टा आहे. पाच-सहा घरांनी मिळून तिथे भाजीपाला लावला. त्या पावसाळ्यात दोडक्याचा वेल मांडवभर पसरला, पिवळ्या फुलांनी लगडला, आणि एक दोडका धरेना. बोटभर झालेले इवले दोडके पिवळे पडून गळून जायचे. कुणी खत घातलं, कुणी ताक शिंपडलं. शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की मुंबईत आता मधमाश्याच उरलेल्या नाहीत. सकाळी आठला वेलापाशी उभं राहिलं तर खरंच एक माशी फिरकत नव्हती.

फिरकणार कशी? सकाळी आठला दोडक्याची फुलं मिटलेली असतात. ती उमलतात संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास. आणि नेमकी तीच वेळ आमच्याकडे डासांसाठी धूर मारायची होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू एका संध्याकाळी मांडवाखाली खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा हे दोन्ही एकदमच ध्यानात आलं. उमलती फुलं समोर आणि मागून धुराचं मशीन.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. बागेत राबणाऱ्या माणसांना ‘मधमाश्या वाचवा’ असं सांगून फारसं काही होत नाही. त्यांना एका फुलासमोर दहा मिनिटं बसवा आणि मोजायला लावा. पुढे काय करायचं ते त्यांचं त्यांना कळायला लागतं. म्हणून या लेखात मोजणी आधी आहे आणि रोपं लावणं नंतर. रोपवाटिकेत जाऊन ‘फुलपाखरांची झाडं’ आणण्याची घाई अगदी होते, पण महिनाभर थांबा.

माणसं जमवणं

सुरुवात माळीकाकांपासून करा. सफाईच्या मावशी, वॉचमन हे लोक दिवसभर खाली असतात. कोणत्या पाइपात माश्या जातात, टाकीखाली पोळं कधी लागलं, हे कमिटीच्या आधी त्यांना ठाऊक असतं. आम्ही त्यांना पहिल्या वर्षी बोलावलंच नाही, ही मोठी चूक झाली.

बाकीच्यांसाठी जोड्या करा. एकजण बघतो, दुसरा लिहितो. एकट्याने बघायचं आणि लिहायचं म्हटलं की मान खाली घातली त्या क्षणी माशी येऊन जाते. आजी-नातू ही जोडी सगळ्यात छान जमते : नातवाची नजर तीक्ष्ण, आजीचा धीर मोठा. ऑफिसवाल्यांना सकाळची पाळी देऊ नका, लोकलची घाई असते. त्यांच्यासाठी संध्याकाळ ठेवा, कारण दोडका, दुधी, पडवळ तेव्हाच बघायचे असतात. ज्यांना बागेसाठी कधीच वेळ नसतो, त्यांच्या वाट्याला असं नेमकं महत्त्वाचं काम येतं.

पंधरा दिवसांतून एक मोजणी पुरे. दर आठवड्याला ठरवलंत तर गणपतीपर्यंत सगळे गळतात.

दोन मीटर सुतळी आणि दहा मिनिटं

ब्रिटनमध्ये परागीभवन करणाऱ्या कीटकांच्या नोंदीसाठी २०१७ पासून एक सोपी पद्धत वापरतात : ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकट, एक ठरलेलं फूलझाड आणि १० मिनिटं. शिकलेले कीटकतज्ज्ञ नसलेल्या लोकांसाठीच ती बेतलेली आहे. आपल्याकडेही ती जशीच्या तशी चालते, फक्त कीटकांचे गट आपले घ्यायचे.

दोन मीटर सुतळी घ्या, टोकं बांधा, दर ५० सेंटिमीटरवर गाठ मारा. चार काड्या रोवून गाठी त्यांना अडकवल्या की चौकट झाली. कुंडीतलं झाड असेल तर सुतळी नुसती फांद्यांवर टाका. मांडवावरच्या वेलाला ती सरळ वेलावरच पसरा.

चौकटीत एकाच जातीचं फूल निवडा आणि आधी उमललेली फुलं मोजा. तुळस, कोथिंबीर यांच्यासारखी बारीक फुलं एकेक मोजत बसू नका. मंजिऱ्या किंवा तुरे मोजा, आणि पुढच्या वेळीही तेच मोजा. मग हातभर अंतरावर बसा, सावली फुलांवर पडू देऊ नका, घड्याळ लावा.

नियम थोडे आहेत, पण ते पाळावे लागतात. फुलावर बसला तो कीटक मोजायचा. वरून उडून गेलेला, पानावर बसलेला मोजायचा नाही. एकच माशी चौकटीतल्या सात फुलांवर फिरली तरी ती एक. ती बाहेर जाऊन परत आली तर तीच की दुसरी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा पुन्हा मोजा. आणि दहा मिनिटांत कुणीच आलं नाही तर कागदावर स्वच्छ ‘०’ लिहा. शून्य लिहायला लोकांना जिवावर येतं, मोजणी फुकट गेली असं वाटतं. पण आमच्या दोडक्याचं कोडं सुटलं ते शून्यांनीच : सकाळचे सगळे शून्य, धुराच्या दिवशी संध्याकाळचे शून्य, आणि धूर नसलेल्या संध्याकाळी मात्र भुंगे आणि पतंग.

कागदावर एवढं हवं : तारीख, सुरुवातीची वेळ, जागा, झाड, उमललेली फुलं, ऊन की ढग, वारा, आणि गटवार आकडे. पेन्सिल वापरा. पावसाळ्यात पेनाची शाई पसरते आणि महिन्याभराची मेहनत निळा डाग होऊन बसते.

कोण आलंय ते ओळखणं

जातीपर्यंत जाण्याची गरज नाही. आठ रकाने पुरतात, आणि पहिल्या दिवशी पाचच जमले तरी हरकत नाही.

मधमाशी हा पहिला रकाना. मुंबईत तिचे तीन प्रकार दिसतात. आग्या सगळ्यात मोठी, फुलोरी सगळ्यात लहान, पोटाचा पुढचा भाग तांबूस आणि मागे काळे-पांढरे पट्टे. सातेरी या दोघींच्या मधली. ओळख पटली तर वेगळं लिहा, नाहीतर नुसतं ‘मधमाशी’.

दुसरा रकाना डंख नसलेल्या मधमाशीचा. ती काळी आणि इतकी बारीक की लोक तिला चिलट समजून हाकलतात. भिंतीच्या फटीत, जुन्या पाइपात, मीटरच्या खोक्यात तिचं घर असतं, दाराशी मेण-राळेची छोटी नळी. तुळशीवर ती हमखास येते. मागच्या पायाला परागाचा पिवळा ठिपका दिसला की चिलटाची शंका फिटते.

तिसरा भुंगा. मराठीत भुंगा आणि भुंगेरा यांची गल्लत होते म्हणून स्पष्ट करतो : इथे भुंगा म्हणजे तो जाडजूड, काळा, पंखांवर निळसर-जांभळी झाक असलेला, घूं घूं करत येणारा, वाळक्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून राहणारा. तोही मधमाशीच्याच कुळातला. टणक कवचाचे भुंगेरे वेगळे, ते ‘इतर’मध्ये टाका.

चौथा एकट्या राहणाऱ्या माश्यांचा. यांचं पोळं नसतं, राणी-कामकरी असा पसारा नसतो. प्रत्येक मादी आपलं घर स्वतः करते. गुलाबाच्या किंवा बोगनवेलीच्या पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखा अर्धगोल दिसला तर तो पानकापी माशीचा. पान आजारी नाही, औषध मारू नका.

यातलीच निळ्या पट्ट्यांची माशी एकदा तरी जवळून बघाच. सकाळी साडेआठ-नऊला वांग्याच्या फुलापाशी बसा. ती एका जागी थांबत नाही, झोके घेतल्यासारखी येते. जांभळ्या फुलाच्या मधोमध जो पिवळ्या परागकोशांचा झुबका असतो, त्याला ती खालून मिठी मारते आणि अंग थरथरवते. तेव्हा एक बारीक, तीव्र आवाज येतो. उडण्याच्या आवाजापेक्षा वरच्या पट्टीतला, क्षणभराचा. त्या थरथरीने परागकोशाच्या टोकावरच्या भोकातून पराग पिठासारखा तिच्या पोटावर सांडतो. वांग्याच्या फुलाची बांधणीच अशी आहे की हलवल्याशिवाय पराग सुटत नाही. मधमाशीला ही थरथर जमत नाही, निळ्या पट्टेवालीला आणि भुंग्याला जमते. म्हणजे मधाची पेटी आणून ठेवली तरी वांग्याचा प्रश्न सुटतोच असं नाही. माझ्यासोबत बसलेल्या सातवीतल्या मुलीने तो आवाज ऐकला आणि तिने पुढची तीन फुलं कान लावून ‘ऐकली’.

पाचवा रकाना घिरट्या माशीचा. पिवळे-काळे पट्टे बघून तिला मधमाशी समजतात. खूण अशी : ती हवेत एका जागी टांगल्यासारखी स्थिर राहते, डोळे मोठे, मिशा आखूड, पंख दोनच. मधमाशीला चार असतात. सहाव्यात फुलपाखरं आणि पतंग, सातव्यात गांधीलमाश्या, आठव्यात बाकीचे सगळे. मुंग्यांचा आकडा ‘इतर’मध्ये न मिसळता बाजूला लिहा. त्या मध खातात, पण पराग दुसऱ्या झाडापर्यंत क्वचितच नेतात. शिंजीर (मध पिणारा चिमुकला पक्षी) आला तर अर्थातच लिहा; जास्वंदीवर तो रोजचाच पाहुणा.

केव्हा मोजायचं

मुंबईसाठी सगळ्यात भरघोस काळ म्हणजे पाऊस ओसरल्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. फुलपाखरांची गर्दी तेव्हाच असते. पहिली मोजणी सप्टेंबरच्या शेवटी सुरू करा. नंतर जानेवारी-फेब्रुवारीत आणि मग एप्रिलमध्ये थोडे दिवस. जून ते ऑगस्ट फक्त उघडीप मिळाली तर.

दिवसाची वेळ मात्र झाडावर ठरते, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. काकडी, कारलं, लाल भोपळा, घोसाळं यांची फुलं सकाळी लवकर उमलतात. भोपळ्याचं फूल उन्हं तापली की मिटतं, म्हणून ते सातच्या सुमारास बघा. घोसाळं आणि दोडका एकमेकांचे भाऊ, दोघांची फुलं पिवळी, पण घोसाळं सकाळचं आणि दोडका संध्याकाळचा. दुधीचं पांढरं फूल आणि पडवळाची झालर हेही संध्याकाळचे. अंधार पडल्यावर बघायचं तर बॅटरीवर लाल जिलेटीन पेपर लावा. लाल उजेडाने पतंग बिचकत नाहीत.

आकडे जमले, आता?

आपली बाग शेजारच्या बागेशी ताडून बघू नका. त्यातून फक्त चढाओढ निघते. तेच झाड, तीच जागा, तीच वेळ, आणि आधीच्या महिन्याशी तुलना. फुलांची संख्या बदलते म्हणून भागाकार करा : समजा २० फुलांवर १० कीटक आले आणि पुढच्या वेळी ४० फुलांवर १२, तर आकडा वाढलेला दिसतो, पण दर फुलामागे पाहुणे कमी झालेत.

वेलभाज्यांना फळ धरत नसेल तर आणखी एक मोजणी करा : नर फुलं किती, मादी किती. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलंसं फळ असतं. सुरुवातीला नुसती नर फुलंच येतात, तो दोष नाही, वाट पाहा. मादी फुलं आहेत, पाहुणे मात्र शून्य, असं असेल तोवर हाताने परागीभवन करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच टेकवा. दोडक्याला हे संध्याकाळीच. वांग्या-टोमॅटोला फुलाच्या देठाशी विजेवर चालणारा टूथब्रश क्षणभर टेकवला तरी काम होतं. भाजी हाती येते, पण ती मोजणीच्या कागदावर ‘हाताने’ म्हणून लिहून ठेवा, नाहीतर पुढे सगळा हिशेब चुकेल.

फवारणीचं वेळापत्रक

‘औषध संध्याकाळी मारा, तेव्हा मधमाश्या नसतात’ हा सल्ला सगळीकडे मिळतो. सकाळच्या फुलांना तो बरोबर आहे. दोडका, दुधी, पडवळ असतील तिथे तो पार उलटा पडतो. म्हणून आधी वाफ्यात काय फुललंय ते बघा. संध्याकाळची फुलं असतील तर फवारणी सकाळी, फुलं मिटल्यावर आणि ऊन चढायच्या आत. कडुनिंबाचं तेल असलं तरी उमललेल्या फुलांवर नकोच, पानांच्या खालच्या बाजूला मारा. मावा थोडा असेल तर पाण्याच्या धारेने धुवा. घिरट्या माशीच्या अळ्या मावा खातात, त्यांना दोन आठवडे संधी द्या.

इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही नावं बाटलीवर वाचली तर बागेसाठी घेऊ नका. ही औषधं झाडाच्या अंगात भिनतात आणि फुलातल्या परागात, मधात उतरतात. फवारणी बंद केली तरी फूल विषारीच राहतं.

डासांच्या धुराबद्दल भांडायला जाऊ नका. डेंगी-मलेरियाची भीती खरी आहे. आम्ही कमिटीपुढे दोन महिन्यांचे कागद ठेवले आणि एवढंच मागितलं : मागच्या पट्ट्यात धूर नको, त्याऐवजी साचलेलं पाणी आम्ही दर रविवारी तपासू. सेक्रेटरींनी कागद उलटसुलट पाहिले आणि ‘हे शून्य म्हणजे काय?’ एवढंच विचारलं. सांगितलं. मान्य झालं. आकडे नसते तर ती मीटिंग पार्किंगच्या विषयाकडे कधीच वळली असती.

आता रोपं

कागद समोर ठेवा आणि रिकाम्या जागा शोधा : कोणत्या महिन्यात, कोणत्या वेळी बागेत फूलच नव्हतं? तेवढंच भरा.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे थोडं न खुडणं. तुळस डेरेदार राहावी म्हणून आपण मंजिऱ्या खुडतो. एक तुळस अशी ठेवा जिच्या मंजिऱ्यांना हात लावायचा नाही. कोथिंबीर, मोहरी, शेपू यांचा एकेक कोपरा फुलोऱ्यावर जाऊ द्या. त्यांची बारीक फुलं घिरट्या माश्यांना आणि छोट्या माश्यांना फार मानवतात. भिंतीकडेला आपोआप येणारी एकदांडी आणि कुर्डू ‘तण’ म्हणून सरसकट उपटू नका. झेंडू लावायचा तर एकेरी पाकळ्यांचा. दसऱ्याच्या तोरणातला गच्च गोंडा दिसतो सुंदर, पण त्यात कीटकांच्या हाती फारसं काही लागत नाही. जागा असेल तर शेवगा : भुंग्यांना आवडतो आणि आमटीलाही होतो. अबोली, कोरांटी, पेंटास कुंडीत चालतात. घाणेरीवर फुलपाखरं झुंबडतात हे खरं, पण ती पक्ष्यांमार्फत पसरते आणि बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या इतक्या जवळ राहून ती लावणं मला पटत नाही.

फुलपाखरांना मधापेक्षा जास्त गरज अळ्यांच्या खाद्याची असते, आणि इथे बागकाम करणाऱ्यांचं मन मोठं करावं लागतं. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती पुढे हिरवीगार होते आणि मग लिंबू फुलपाखरू किंवा कॉमन मॉरमॉन होऊन उडते. लिंबाच्या कुळातल्याच झाडांवर ब्लू मॉरमॉन, म्हणजे आपलं नीलवंत वाढतं, ज्याला २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखराचा मान दिला. म्हणून कढीपत्त्याच्या दोन कुंड्या ठेवा, एक फोडणीसाठी आणि एक अळ्यांसाठी. फोडणीच्या कुंडीवर अळी दिसली की उचलून दुसरीवर ठेवायची. बाकीच्या फुलपाखरांचंही असंच : रुईवर प्लेन टायगर, सोनचाफ्यावर टेल्ड जे, पानफुटीवर रेड पिएरो, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट.

घर आणि पाणी

एकट्या माश्यांसाठी बांबूचे वीतभर तुकडे घ्या, एका टोकाला पेर बंद असलेले, आतलं भोक साधारण ६ ते १० मिलिमीटर. जुडी बांधून सकाळचं ऊन लागेल अशा जागी, छपराखाली, घट्ट बसवा. हलती जुडी कुणी वापरत नाही आणि पावसात भिजलेल्या जुडीला बुरशी येते. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत राहते. तिच्यासाठी काही विकत आणायचं नाही, फक्त पेव्हर ब्लॉक न घातलेला, पालापाचोळ्याने न झाकलेला मातीचा एक तुकडा ठेवायचा.

पाण्यासाठी मातीची पसरट थाळी, त्यात खडे, खड्यांची डोकी पाण्याच्या वर. पाणी रोज ओतून टाका आणि थाळी घासा. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठवडा पुरतो आणि पालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर दंडही होऊ शकतो. रोज घासायला माणूस नसेल तर थाळी ठेवूच नका.

पोळ्यांबद्दल घाबरगुंडी उडते, म्हणून फरक समजावून सांगा. झुडपाच्या फांदीभोवती तळहाताएवढं एकच पोळं असेल तर ते फुलोरीचं. त्याचा सहसा कुणाला त्रास होत नाही, फांदीला पाटी लावा आणि छाटणी टाळा. टाकीखाली किंवा छज्जाला मोठं उघडं पोळं लटकलं असेल तर ते आग्या मोहोळ. तिथे मोजणी नाही, दगड नाही, धूर नाही, फ्लॅश नाही. मुलांना लांब ठेवा. हलवणं अटळच असेल तर न जाळता हलवणाऱ्या अनुभवी माणसालाच बोलवा. कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर त्याला लिहिणाऱ्याचं काम द्या, तेही चार पावलं मागे बसून.

नोंद बाहेर पाठवणं

फोटो चांगला आला तर आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर टाका, तिथे जाणकार ओळख पटवायला मदत करतात. सप्टेंबरात देशभर बिग बटरफ्लाय मंथ असतो, फुलपाखरांच्या नोंदी तेव्हा आवर्जून द्या. मुलांच्या खात्यावरून टाकत असाल तर नेमकी जागा धूसर ठेवण्याची सोय आयनॅचरलिस्टवर आहे, ती वापरा.

इमारतीतल्या लोकांसाठी मात्र लिफ्टजवळचा फळाच बरा. आमच्याकडे पाण्याच्या वेळा आणि मेंटेनन्सच्या सूचनेखाली दोन बोटं जागा मोजणीसाठी राखलेली आहे. रात्रपाळीचे वॉचमनकाका कामावर येतात तेव्हा दोडका नुकता उमललेला असतो. मागच्या आठवड्यात त्यांनी खडूने लिहिलं होतं : ‘दोडका, सायं. ६.४०, फुलं १४, भुंगा १, पतंग २, मुंग्या लय.’